निसटला नाही, सोडला

सुदाम रामटेकेला मासा दिसायच्या आधी ऐकू येत असे. यात बढाई काही नाही. त्याची नोकरीच ऐकण्याची होती. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख गावच्या एका मोठ्या कंपनीच्या चाचणी विभागात एक खोली होती. तिच्या भिंतींना, छताला, पायाखालच्या जाळीच्याही खाली फोमचे टोकदार सुळे लावलेले. आत टाळी वाजवली तर ती तळहातातच विरायची. त्या खोलीत बेअरिंग फिरवायचं, त्याची कुरकुर ऐकायची आणि आतल्या कुठल्या गोळीवर ओरखडा आहे ते सांगायचं, हे काम सुदाम एकवीस वर्षं करत होता. यंत्रं होतीच, पण यंत्रांना शंका आली की माणसं सुदामला बोलवायची.

दिवसभर अशा मुक्या खोलीत बसलेल्या माणसाला संध्याकाळी काय हवं असणार? त्याला पाण्याचा आवाज हवा असायचा.

घरापासून पाच मिनिटांवर तळं होतं, त्सीगेलवायर नावाचं. पूर्वी तिथे वीटभट्टी होती. मातीसाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी भरलं आणि त्याचं तळं झालं. आता एका अंगाला नवी घरं, दुसऱ्या अंगाला बालवाडीचं कुंपण आणि काठाने कुत्री फिरवणाऱ्यांची पायवाट. आकार म्हणाल तर आपल्याकडच्या शाळेच्या मैदानाएवढा. पण उन्हाळ्यात, संध्याकाळचे सात वाजले तरी लख्ख ऊन असताना, त्या पाण्यावर रोज प्रयोग लागायचा. बार्श नावाचे हिरवट मासे, अंगावर काळे पट्टे, खालचे पर लाल. ते टोळीने यायचे, बारक्या माशांना हाकत वर आणायचे आणि अगदी पाण्याच्या कातडीशी गाठायचे. चप्प! चप्प! सुदाम काठावर डोळे मिटून उभा राहिला तरी सांगायचा, हा वीतभर, हा त्याहून थोडा मोठा. आणि हा जो उशिरा आला ना, हा म्हातारा, याला घाई नाही.

त्यांच्यासाठी तो पाण्यावर तरंगणारं आमिष वापरायचा. पॉपर म्हणतात त्याला. हलक्या लाकडाचा बोटभर तुकडा, तोंडाकडे वाटीसारखा कोरलेला, पोटाखाली आणि शेपटीला गळ. दोरीला हिसका दिला की ती वाटी पाण्यावर आपटते आणि पाणी थुंकते. सुदाम हे पॉपर तळघरात स्वतः कोरायचा. रंग मात्र उसना, बायकोच्या नेलपॉलिशचा.

“अहो, माझी मरून बाटली कुठेय?” प्रभा वरून ओरडायची.

“माशाच्या पोटाला लागली.”

“मला कधी म्हणालात का, हा रंग छान दिसतो म्हणून?”

“तुला बघून कोणी पाण्यातून उडी मारत नाही ना.”

“मारली असती तर बरं झालं असतं,” प्रभा म्हणायची आणि नवी बाटली आणायची.

पाण्यावरचं आमिष हा नट असतो. विंगेतून आला आणि लगेच बोलायला लागला, तर तो पडला. पॉपर लांब फेकायचा. पाण्यावर वर्तुळं उठतात, ती काठाला लागून संपेपर्यंत हात हलवायचा नाही. मग एकच हिसका. पुन्हा थांबायचं. खाली कोणीतरी बघत असतं, त्याला विचार करायला वेळ द्यायचा. आणि मासा आला, पाणी फुटलं, की सगळ्यात अवघड काम: तेव्हाही काही करायचं नाही. फवारा पाहून जो रॉड ओढतो त्याच्या हाती रिकामं लाकूड येतं. वजन हाताला लागेपर्यंत थांबायचं. हे थांबणं सुदामला उत्तम जमत असे. बेअरिंगनीच त्याला ते शिकवलं होतं.

लहानपणी मात्र त्याने कधी गळ हातात धरला नव्हता. गाव भंडारा जिल्ह्यातलं, तलावाकाठचं. वडील आरोग्य केंद्रात कंपाउंडर. तलावाचे मासे ढिवरांच्या, म्हणजे तिथल्या मासेमारांच्या, सोसायटीचे. ते जाळं ओढायचे, रामटेक्यांनी विकत घ्यायचे आणि आईने, अंजनाबाईंनी, अंगणात राख लावून साफ करायचे. नागपूरला इंजिनिअरिंग झालं, पुढे कायझर्सलाउटर्नला संशोधन, मग ही नोकरी, हे घर, मुलीचा, मैत्रीचा, जन्म. वडील गेल्यावर आईही इकडे आली. चाळिशी उलटल्यावर एका हिवाळ्यात सुदामने मोबाइलवर अमेरिकेतल्या एका माणसाचे व्हिडिओ बघितले. तो माणूस घरामागच्या तळ्यात बास नावाचे मासे पकडायचा, हातात घेऊन त्यांचं कौतुक करायचा आणि अलगद परत सोडून द्यायचा. सुदामला ते इतकं आवडलं की त्याने रात्रंदिवस तेच बघितलं. मासाही जिवंत, माणूसही खूश. आपल्या पंचशीलातल्या पहिल्या शीलाला यात कुठे धक्का लागतो?

जर्मनीत गळ टाकायला परीक्षा द्यावी लागते. सुदामने हजारभर प्रश्न पाठ केले आणि साठपैकी अठ्ठावन्न बरोबर सोडवले. त्यात एक प्रश्न असा होता की खाण्यासारखा मासा निव्वळ हौसेने पकडून सोडता येतो का. ‘नाही’, त्याने खूण केली, मार्क मिळवले आणि मनात म्हणाला, हा नियम क्रूर लोकांसाठी असणार. मासा मारायचा कसा हे शिकवलं तेव्हा तो मागच्या रांगेत उंच माणसाच्या पाठीआड उभा होता.

मग तळ्याच्या फेराइनमध्ये, म्हणजे मासेमारांच्या संघटनेत, त्याला एका वर्षासाठी घेतलं. परीक्षेचं वर्ष. ते नीट गेलं की कायमचं कार्ड. एकवीस वर्षं त्या गावात राहून त्याला कोणी कशात घेतलं असेल तर ते इथे. वसंतातल्या साफसफाईच्या दिवशी त्याने गमबूट घालून चिखल उपसला, दुपारी सगळ्यांबरोबर सॉसेज खाल्लं, आणि येताना प्रत्येकासाठी एकेक पॉपर कोरून आणला होता तो वाटला. तळ्याची देखरेख करणारा व्योल्फेल, निवृत्त सुतार, याने तो पॉपर डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ बघितला. “हे हाताने?” “हाताने.” “आल्झो!” व्योल्फेल ‘वा!’ म्हणावं तसं म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याला नावाने हाक मारू लागला.

ते कार्ड सुदामला हवं होतं. इतकं हवं होतं की जर्मन नागरिकत्वाचा अर्ज त्याने दोन वर्षं टेबलावर ठेवला होता आणि फेराइनचा अर्ज एका संध्याकाळी भरला होता.

ऑगस्टमधल्या एका रविवारी म्हातारा वर आला.

पॉपर लव्हाळ्याच्या कडेला पडला होता. वर्तुळं संपली. एक हिसका. काही नाही. सुदामने मनात सात मोजले, आणखी एक हिसका दिला आणि पाणी आतल्या आत ओढलं गेलं, मोरीचं बूच काढल्यासारखं. फवारा नाही, गडबड नाही. सुदाम थांबला. वजन आलं. मग मात्र रॉड वाकला, पायवाटेवरची माणसं थांबली, एका बाईने कुत्र्याला उचलून घेतलं. दोन-तीन मिनिटांनी मासा जाळ्यात आला. चाळीसला दोन सेंटिमीटर कमी. एवढा बार्श त्या तळ्यात वर्षानुवर्षं कोणी पाहिला नव्हता.

सुदामने हात ओले केले, गळ काढला, मासा दोन्ही हातांनी उचलून लोकांना दाखवला. मग गुडघ्यावर बसून त्याला पाण्यात धरलं, कल्ले हलेपर्यंत थांबला आणि बोटं उघडली. मासा गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुदाम उठला, किंचित वाकला. आजवरच्या आयुष्यात त्याने काही सुंदर केलं असेल तर ते हे, अशी त्याची खात्री होती.

समोरच्या बाकावर व्योल्फेल बसला होता. त्याने टाळी वाजवली नाही. तो उठला, वळसा घालून आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “सुदाम, हे तू काय केलंस?”

“सोडला.”

“तेच विचारतोय. वीस माणसांसमोर?”

चार दिवसांनी पत्र आलं. मैत्रीने जेवणाच्या टेबलावर ते वाचलं. सतरा वर्षांची मैत्री मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. “पापा, दास इस्ट फरबोटन,” ती म्हणाली. याला मनाई आहे. तुम्ही प्राण्याला कारण नसताना इजा केली, असं लिहिलंय. कार्यकारिणीने मंगळवारी बोलावलंय, कार्ड राहणार की नाही ते ठरेल.

“इजा?” सुदामचा आवाज चढला. “मी त्याचा जीव वाचवला!”

“कोणापासून?” मैत्रीने विचारलं. यावर प्रभा हसली आणि सुदामने तिच्याकडे असं बघितलं की ती भाजी वाढायला लागली.

“आई, तू सांग. मारला नाही, सोडून दिला. यात चुकलं काय?”

अंजनाबाई ऐंशीच्या घरातल्या. तलावाकाठच्या बत्तीस वर्षांत अंगणात किती मासे साफ केले असतील त्याची गणतीच नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “मले एक सांग. त्याच्या तोंडात काटा तूच टोचला ना?”

“हो, पण—”

“मंग वढत वढत काठावर आणला?”

“आई, तो खेळ असतो.”

“तुहा खेळ. त्याचा खेळ कुठं होता?” अंजनाबाई म्हणाल्या. “खाचं असन तं आन, मी साफ करतो. नाई खाचं तं त्याच्या वाटेले जाऊ नको. पोटासाठी मारलेल्याचं पोटाले ठाऊक असते. हे असं टोचून सोडनं कोनाच्या कामाचं?”

सुदाम न जेवता उठला. जर्मन कायदा आणि भंडाऱ्याची आई एकच बोलतील असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मंगळवारी फेराइनच्या लाकडी खोलीबाहेर व्योल्फेल त्याची वाट बघत उभा होता. त्याने सुदामला कोपऱ्यात ओढलं. “हे बघ, सोपं आहे. मासा ओला असतो, गुळगुळीत असतो. निसटतो. माझा निसटलाय, चेअरमनबाईंचा निसटलाय. सगळ्यांचे निसटतात. तू फक्त म्हण, निसटला. त्यांनाही तेच ऐकायचंय.”

“पण तो निसटला नाही.”

“अरे देवा! मला माहीत आहे निसटला नाही. मी बघत होतो!”

आत सहा माणसं बसली होती. अध्यक्षा फ्राउ त्सेंगर, जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, चष्मा साखळीला लावलेला. तिने कागद वाचला, चष्मा काढला आणि अगदी मायेने विचारलं, “हेर रामटेके, तो मोठा बार्श तुमच्या हातातून निसटला. असंच झालं ना?”

प्रश्नातच उत्तर वाढून ठेवलं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. व्योल्फेल भिंतीशी उभा राहून भुवयांनी त्याला ढकलत होता. सुदामने विचार केला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर आले ते नागपूरच्या विहारातले रविवार. पहिलं शील म्हणजे जीव घ्यायचा नाही. ते पाळायला म्हणून मासा सोडला. चौथं शील म्हणजे खोटं बोलायचं नाही. पहिल्यासाठी चौथं मोडायचं, तर मग पाठ कशाला केलं?

“नाही,” तो म्हणाला. “निसटला नाही. मी सोडला.”

व्योल्फेलने कपाळाला हात लावला. फ्राउ त्सेंगरने चष्मा पुन्हा चढवला.

“का सोडलात?”

“मला मासा मारवत नाही.”

“मग पकडता कशाला?”

आवाजासाठी, म्हणावं? पाणी फुटतं तेव्हा दिवसभराची ती मुकी खोली डोक्यातून निघून जाते, म्हणावं? ते खरं होतं. पण त्यासाठी माशाने तोंडात काटा का घ्यावा, याचं उत्तर त्यात नव्हतं. तो म्हणाला, “माझ्या आईनेही हेच विचारलं. मला उत्तर आलं नाही.”

टेबलाच्या टोकाचा एक म्हातारा हसला. “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, तो म्हणाला. बाकी कोणी हसलं नाही.

निर्णय दहा मिनिटांत झाला. कार्ड वर्षअखेरपर्यंत जमा. जानेवारीत पुन्हा अर्ज करता येईल. सोबत सही करून द्यायचं की नियमाच्या मापात बसणारा मासा घरी नेईन. सही करायची नसेल तर फेराइनचा आणि त्याचा संबंध संपला. फ्राउ त्सेंगरने हात मिळवताना जरा जास्त वेळ हात धरला. बाहेर आल्यावर व्योल्फेल म्हणाला, “एक शब्द! एकच शब्द बोलायचा होता!” आणि सायकल घेऊन निघून गेला. कोपऱ्यावर थांबला, वळून बघितलं, हात वर केला. मग गेला.

त्यानंतरचे दोन महिने सुदाम रॉड न घेता तळ्यावर गेला. बाकावर बसायचा, ऐकायचा. बार्श होते तसेच वर येत होते. आधी त्याला वाटलं, एवढ्यावरच भागेल. कार्ड नको, काटा नको, नुसतं ऐकावं. तसं झालं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण खरं सांगायचं तर हात शिवशिवत होते. पाणी फुटलं की उजवा अंगठा आपोआप रिळाच्या जागी जायचा. त्याला मासा हवा होता. तो सोडून देण्यात त्याचा जो मोठेपणा होता तो गेला, तरी मासा हवाच होता. हे स्वतःशी कबूल करायला त्याला ऑक्टोबर उजाडला.

डिसेंबरात तो व्योल्फेलच्या दारात उभा राहिला. “मला मारायला शिकव.”

व्योल्फेलने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “परीक्षेत शिकवलं नाही?”

“मी मागे उभा होतो.”

व्योल्फेल त्याला मागच्या अंगणात घेऊन गेला. त्या भागात नाताळाला कार्प मासा खातात. तिथल्या टबात दोन कार्प होतेच. त्याने सुदामला ओल्या फडक्यात मासा धरायला दिला, डोळ्यांच्या मागची जागा बोटाने दाखवली, हातात लाकडी दांडकं ठेवलं. “एकदाच आणि जोरात. दया यायची असेल तर जोरात मार. हळू मारणं वाईट.” सुदामने मारलं. मग सुरी कुठे घालायची ते व्योल्फेलने दाखवलं, तिथे घातली. सगळं मिळून अर्धं मिनिट. नंतर तो टबाशेजारी उकिडवा बसला. व्योल्फेलने आतून दोन कप कॉफी आणली, त्याच्या शेजारी बादली उलटी करून बसला आणि सुतारकामाबद्दल बोलत राहिला.

रविवारी वंदनेला बसल्यावर पहिल्या शीलाशी सुदाम अडखळला. अंजनाबाईंनी ऐकलं. “म्हन, म्हन,” त्या म्हणाल्या. “आपल्याले काय जमते अन् काय नाई, ते रोज ध्यानात याले पायजे म्हनून तं म्हनतात.”

जानेवारीत त्याने सही केली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सव्वासात वाजता, पॉपर पाण्यावर पडला. व्योल्फेल नेहमीच्या बाकावर होता आणि उगाचच दुसरीकडे बघत होता. तिसऱ्या हिसक्याला चप्प झालं. सुदाम थांबला, वजन आलं, आणि मासा जाळ्यात घेताना त्याला जाणवलं की यावेळी तो कोणाला दाखवायची घाई त्याला नाही. तेहतीस सेंटिमीटर. कल्ले उघडमीट करत होते, लाल पर ताठ झाले होते. सोडावासा वाटला? वाटला. पायवाटेवर दोन मुली थांबून बघत होत्या. त्यांच्याकडे पाठ करून तो गुडघ्यावर बसला, मासा ओल्या फडक्यात धरला, जागा शोधली आणि मारलं. एकदाच आणि जोरात. मग सुरी. ती त्याने गवतावर पुसली.

समोर पाण्यावर प्रयोग रंगात आला होता. चप्प, चप्प, चप्प. टोळी पार काठाशी आली होती. सुदामने रॉडचे दोन तुकडे वेगळे केले आणि पिशवीत घातले.

“आता निघालास?” व्योल्फेल बाकावरून ओरडला. “आत्ता तर कुठे सुरू झालंय!”

“झालं माझं.”

“एकच?”

“आजचं जेवण झालं,” सुदाम म्हणाला. व्योल्फेलने खांदे उडवले, आणि मग त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघून टोपीला बोट लावलं.

घरी अंजनाबाईंनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. त्यांनी आधी कल्ला उचलून आतला लाल रंग बघितला, मग खवल्यांवरून सुरी उलटी फिरवली. खवलं हलेना. “हे खवलं हाय का पत्रा? मरळ कसा साबनावानी असते, हात फिरवला का झालं. अन् हा एवढासाच? चार मानसांत?”

“आई, तळ्यातला आहे, बाजारातला नाही,” प्रभा म्हणाली.

“तं मी का म्हनतो बाजारातला हाय म्हनून? हळद काढ.”

सुदाम बेसिनपाशी हात धूत होता. दोनदा साबण लावून झाला होता. “मोठा हवा असेल तर उद्या पुन्हा जातो,” तो म्हणाला.

“उद्या कायले?” अंजनाबाईंनी मान वर न करता पत्र्यासारखं खवलं उचकटून काढलं. “आधी हा तं संपू दे.”